घरातलं नेट कोण खातं?

मी आज जो काही आहे तो आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. प्रवेशाचा इंग्रजी अर्ज सरांनी स्वतः भरला आणि एसटीने माझ्यासोबत कॉलेजपर्यंत आले. म्हणून गेल्या वर्षी ते म्हणाले, "आपल्या मुलांसाठी अपूर्णांकांचे धडे पाठवत जा," तेव्हा मी म्हैसूरच्या भाड्याच्या खोलीत भिंतीला फळा टांगला आणि फोनसमोर उभा राहिलो. मुलांना खडूची रेघ न् रेघ दिसावी म्हणून चित्रण सर्वांत उच्च दर्जाचं ठेवलं. फोन चार्जिंगला लावला की धडा आपोआप शाळेकडे रवाना होईल, अशी सोयही करून ठेवली.

माझी खोली कुवेंपुनगरात, मालकांच्या घराच्या वरच्या मजल्यावर. मालक शिंपीकाम करतात. तीन पिढ्यांपासून हे मराठी कुटुंब इथलंच, त्यामुळे मालकीणमावशींच्या मराठीत निम्मी कन्नड असते. वायफाय सगळ्या घराला मिळून एकच. मावशींच्या सुनेला नुकतंच घरून करायचं काम मिळालं होतं. आठवडाभर चाचणी, रोज दुपारी चारला वरिष्ठांशी कॉल. तीन दिवस तिचा आवाज पलीकडे तुटक जात होता. शुक्रवारच्या कॉलनंतर ठेवायचं की काढायचं ते ठरणार होतं.

"अय्यो, तू इंजिनिअर अल्वा, इंजिनिअर ना?" मावशी मला म्हणाल्या. "मग सुम्ने, उगीच चहा पीत काय बसलास? बघ की जरा, नेट कोण खातंय ते!"

मी कप खाली ठेवला. राउटरच्या पानावर घरातल्या उपकरणांची यादी निघते आणि कोण किती डेटा वापरतो तेही दिसतं. पण तिथे नावं धड नसतात, आकडे आणि अक्षरांचे लांबलचक पत्ते असतात. मी दोनशे पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि प्रत्येकाला आपलं वायफाय बंद करून पुन्हा चालू करायला लावलं. यादीतून जो पत्ता गायब होईल तो त्याचा. मालकांचा फोन, मावशींचा फोन, टीव्ही, सुनेचा लॅपटॉप, माझा लॅपटॉप, सगळे जुळले. माझ्या फोनची मात्र परीक्षा घेतली नाही. तो वर चार्जिंगला होता, आणि स्वतःच्या फोनवर संशय कसला घ्यायचा? त्याचा पत्ता मी पूर्वीच सेटिंगमधून उतरवून ठेवला होता, तोच वहीत लिहिला. तो पत्ता राउटरच्या यादीत कुठेच नव्हता. माझा फोन इतकं कमी नेट वापरतो की त्याची नोंदही होत नाही, असा मी अर्थ लावला. थोडा अभिमानही वाटला.

यादीच्या टोकाला एक अनोळखी पत्ता होता. बाहेर जाणारा जवळजवळ सगळा डेटा तोच खात होता.

"बाहेरचा चोर आहे," मी जाहीर केलं.

भिंतीपलीकडे एक निवृत्त कन्नड पोस्टमास्तर एकटे राहतात. मी तडक त्यांच्या दारात गेलो आणि माझ्या मोडक्या कन्नडमध्ये, आदरपूर्वक, त्यांना चोर म्हणालो. त्यांनी शांतपणे खिशातून बटणांचा जुना फोन काढून माझ्या हातात ठेवला.

"यात इंटरनेट कुठे असतं, मलाही दाखव," ते म्हणाले.

मी परत आलो आणि तो अनोळखी पत्ता राउटरवरून बंद करून टाकला. शुक्रवारचा कॉल पाऊण तास चालला, एकदाही तुटला नाही. सुनेची नोकरी पक्की झाली. मावशींनी ओब्बट्टू केले. इकडचं पुरणपोळीसारखं गोड, मी तीन खाल्ले. त्याच आनंदात मालकांच्या फोनवरून सरांना व्हिडिओ कॉल करून कळवलं की मी नेटचोर पकडला. सर म्हणाले, "शाबास! सोमवारी वर्गात सांगतो."

मालकांचा फोन घ्यावा लागला, कारण माझ्या फोनवर कालपासून नेट नव्हतं. मी गंभीरपणे म्हणालो, "चोर सूड घेतोय."

सून ताटं उचलत होती. थांबून म्हणाली, "दादा, आमचे फोन बंद-चालू करायला लावलेत. तुमचा केलात का?"

मी केला. बंदी उठवून राउटरच्या यादीवर नजर ठेवली, तर अनोळखी पत्ता गायब होऊन परत जागा झाला. हल्लीचे फोन वायफायला खरा पत्ता न देता बनावट पत्ता देतात, हे मी नोकरीत लोकांना समजावून सांगत असतो. रोज चारच्या सुमारास मी फोन चार्जिंगला लावून खाली चहाला यायचो, आणि वरून अपूर्णांक शाळेकडे निघायचे.

मावशी पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. "होगली," त्या म्हणाल्या, "जाऊ दे रे. चोर घरातलाच निघाला, बरं झालं." पण सोमवारी वर्गात काय सांगितलं जाणार होतं ते मला ठाऊक होतं. आधी पोस्टमास्तरांची माफी मागून आलो, मग सरांना फोन केला. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "लिहून पाठव." हे ते पत्र:

"आदरणीय सर, सा. न.

चोर मीच होतो. मुलांना शाबासकीची गोष्ट सांगू नका, ही सांगा. सगळ्यांची तपासणी ज्या रीतीने केली त्या रीतीने मी माझी केली नाही. त्यापायी घरमालकांच्या सुनेची नोकरी जाता जाता राहिली, आणि एका भल्या माणसाला मी त्याच्या दारात जाऊन चोर म्हणालो. त्यांनी माफी दिली. माझं कन्नड ऐकवत नाही म्हणून रोज अर्धा तास शिकवायचंही कबूल केलं आहे.

पुढचे धडे साध्या दर्जात, सकाळी सातला पाठवीन. फळा थोडा धूसर दिसेल. अक्षर मोठं काढतो.

आपला विद्यार्थी"