खाड्यांची ओळ

सरांचं आडनाव खाडे नव्हतं, हे मला कॉलेजात सहा महिने काढल्यावर कळलं. सगळी मुलं त्यांना खाडे सर म्हणायची. भातकापणीमुळे माझी हजेरी कमी भरली होती, त्याच्या अर्जावर मी ‘माननीय खाडे सर यांस’ असंच लिहिलं. सरांनी अर्ज वाचला, शेवटच्या ओळीतली एक वेलांटी दुरुस्त केली आणि सही केली. नावाला हात लावला नाही. पुढे कुणीतरी सांगितलं, अरे, ते नजीर सर, त्यांच्या घरचे कापड विणायचे आठ लूम आहेत. मी लाजेने दोन दिवस त्यांच्यासमोर गेलो नाही.

तेसुद्धा आम्हाला नावाने हाक मारत नसत. गावावरून हाक मारत. मी राहनाळ, माझ्या बाकावरचा मुलगा मानकोली. “काय राहनाळ, आज चालत आलास की ट्रकवर बसून?” असं विचारत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथे कसं बोलायचं, कुठे उभं राहायचं, काहीच माहीत नव्हतं. गावाचं नाव घेऊन कुणी बोलावलं की निदान आपण कुठून आलो एवढं तरी पक्कं वाटायचं.

खाडे हे नाव त्यांना त्यांच्याच एका तासामुळे पडलं होतं. अर्धवाहकात, म्हणजे डायोडसारख्या वस्तू ज्यापासून बनतात त्या पदार्थात, दोन गोष्टी फिरतात: एक इलेक्ट्रॉन आणि दुसरी इलेक्ट्रॉनची रिकामी जागा. ही रिकामी जागा कशी काय फिरते, ते कुणालाच कळत नसे. सर दरवर्षी फळ्यावर लूमची एक रांग काढत. “प्रत्येक लूमवर एक माणूस. शेवटच्या लूमवर आज खाडा आहे. मुकादमाने शेजारच्याला तिकडे सरकवलं. मग त्याच्या जागी खाडा. तिथे त्याच्या शेजारचा. माणसं सगळी एकेक पाऊल उजवीकडे गेली. खाडा कुठे गेला?” मुलं म्हणत, डावीकडे. “बघा, जो आलाच नाही तो सगळ्यात लांब चालला. आणि आता वरच्या माळ्यावरून बदली कामगार उडी मारून त्या खाड्यात उतरला, तर उडीतला जोर जाईल कुठे? तो उजेड होऊन बाहेर पडतो.” मग ते खिशातून मसुराएवढा लाल दिवा काढून पेटवून दाखवत. तो तापत नसे. मी तो तळहातावर घेतला होता. उजेड दिसला. पण नसलेल्या माणसात उडी मारून उजेड कसा होतो, हे मला तेव्हाही नीट समजलं नव्हतं.

ही सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. सर पीएच.डी. करत होते. मुंबईतल्या एका संस्थेत वाळूच्या कणाएवढा लेझर बनवला होता. किती करंट दिला की तो लेझर म्हणून पेटतो, ते तिथल्या लोकांनी मोजलं होतं. तोच आकडा सरांना नुसत्या समीकरणांतून, कम्प्युटरवर काढून दाखवायचा होता. “लेझर मी पाहिलेला नाही,” ते मला म्हणाले. “आणि पाहिला तरी दिसणार नाही. त्याचा उजेड डोळ्यांना दिसत नाही.” मी हे घरी सांगितलं. बाबा भाकरी मोडता मोडता थांबले. “दिसत न्हाय, मंग पेटलाय ह्ये कलतं कसा?” मी ते सरांना सांगितलं. सर खूप वेळ हसले आणि म्हणाले, “तुझ्याऐवजी त्यांना कॉलेजात धाडायला पाहिजे होतं.”

सरांचे मोठे भाऊ मात्र हसत नसत. “साहेब कॉलेजात दिवे लावतायत,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

मला त्यांनी कामाला घेतलं ते अक्षरामुळे. “तुझं अक्षर चौकटीत राहतं, राहनाळ.” कम्प्युटरसाठी ऐंशी चौकटींच्या ओळी असलेले कागद असत. एका चौकटीत एकच अक्षर किंवा एकच आकडा. सरांच्या वहीतले आकडे मी त्या कागदांवर उतरवायचो. सर ते मुंबईला नेत, तिथे त्यावरून कार्डांना भोकं पाडत आणि आठवड्याने छापील उत्तर मिळे. मे महिनाअखेर सरांचे मार्गदर्शक परदेशी जाणार होते. तोवर कम्प्युटरवर सरांना तीनच पाळ्या मिळाल्या होत्या. तेवढ्यात आकडा जुळला तर लेझरचं प्रकरण प्रबंधात राहणार, नाहीतर ते गाळून नुसत्या लाल दिव्यावर प्रबंध द्यायचा. सरांची चार वर्षं त्या प्रकरणात गेली होती.

पहिल्या पाळीचे आकडे मी उतरवले. इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांना सर वहीतही खाडेच म्हणत; एका ओळीत नुसतं ‘खाडे’ असं लिहिलं होतं आणि पुढे काहीच नव्हतं. मी थोडा थांबलो. मग वाटलं, खाडा म्हणजे नसणं. नसणाऱ्याचा आकडा कसा असेल? मी ती ओळ रिकामी सोडली. त्या आठवड्यात सरांकडे परीक्षेचं काम होतं. “नीट पाहिलंस ना?” एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. मला ते खरंच वाटत होतं.

उत्तर आलं तेव्हा लांबच लांब कागदावर शून्यं होती. रिकाम्या ओळीला कम्प्युटर शून्य समजतो, हे मला ठाऊक नव्हतं. सर समीकरणांमध्ये चूक शोधू लागले. पुढच्या शुक्रवारी मी वहीचं पान सहज उलटलं, तर मागच्या बाजूला वरतीच खाड्यांचे आकडे होते. पान संपलं म्हणून सरांनी ते मागे लिहिले होते.

मी बोललो नाही. का बोललो नाही, हे मला आजही धड सांगता येत नाही. रोज सकाळी ठरवायचो आणि सरांच्या समोर गेलो की शाईची बाटली शोधायला लागायचो. तोवर दुसरी पाळी आली. सरांनी समीकरण बदललं आणि आकड्यांची कार्डं तीच लावली. पुन्हा शून्यं. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी, रविवारी दुपारी, मी त्यांच्या घरामागच्या लूमच्या शेडवर गेलो. एक कामगार आला नव्हता, म्हणून सर स्वतः लूमवर उभे होते. आठ लूमचा आवाज म्हणजे कानात भिंत बांधल्यासारखं. मी जवळ जाऊन सांगितलं. सरांनी ऐकू येत नाही म्हणून कानामागे हात धरला. मी पुन्हा सांगितलं.

“मोठ्याने बोल, राहनाळ.”

मग मला ओरडावंच लागलं. “सर, खाड्यांची ओळ मी रिकामी सोडली होती.”

दाराशी बसलेले त्यांचे भाऊ उठून आले. “किसका खाडा? एकच तर आहे आज.”

“भाई, वो दूसरे खाडे हैं,” सर म्हणाले आणि त्यांनी लूमचा दांडा ओढून तो थांबवला. बाकीचे सात चालूच होते. सरांचा चेहरा उजळला होता, हे मी शपथेवर सांगतो. “म्हणजे माझं समीकरण बरोबर होतं?”

“मला माहीत नाही, सर.”

“तुला कधी कळलं हे?”

“मागच्या शुक्रवारच्या आदल्या आठवड्यात,” मी काहीतरी गोंधळून बोललो, मग नीट सांगितलं, “नऊ दिवस झाले.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने म्हणावं तर तसं नाही, मायेने म्हणावं तर तसंही नाही. त्यांनी दांडा पुढे ढकलला, लूम सुरू झाला आणि ते कापडाकडे बघत राहिले.  मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं, वही पुढे केली आणि म्हणाले, “मी वाचतो, तू लिही.” शेवटच्या पाळीचे कागद आम्ही दोघांनी मिळून केले. आठवड्याने सर उत्तर घेऊन आले ते थेट प्रयोगशाळेत. या वेळी शून्यं नव्हती. लेझर पेटला होता. पण मुंबईत मोजलेल्या करंटच्या जवळजवळ तिप्पट करंट घेऊन.

मी म्हणालो, “चुकलं का सर?”

“चुकलं,” ते म्हणाले. “पण आता जे चुकलंय ते माझं चुकलंय.” आणि त्यांनी चहा मागवला. 

का चुकलं ते शोधायला चौथी पाळी नव्हती. मार्गदर्शकांनी ते प्रकरण गाळायला सांगितलं आणि सरांनी गाळलं. पदवी मिळाली. पावसाळ्यानंतर दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत त्यांना नोकरी लागली.

ते निघाले त्या दिवशी मी धामणकर नाक्यावर ठाण्याच्या एस.टी.ची वाट बघत त्यांच्याजवळ उभा होतो. भाऊ सामान मोजत होते. मी कसंबसं विचारलं, “सर, ते नऊ दिवस वाया गेले नसते, ती एक पाळी हातात राहिली असती, तर तुम्हाला चूक सापडली असती का?”

सरांनी उलट विचारलं, “सापडली असती म्हणालो तर तुला बरं वाटेल की वाईट?”

मी विचार केला. खरंच केला. “कळत नाही, सर.”

“मग राहू दे,” ते म्हणाले आणि एस.टी. आली म्हणून ट्रंकेचा एक कान त्यांनी धरला, दुसरा मी.

तिकडून त्यांची दोन पत्रं आली. दोन्हींत हवा, जेवण आणि माझा अभ्यास कुठवर आला याची चौकशी होती. मी दोन्हींना लांबलचक उत्तरं लिहिली आणि तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.