लाल चुंबकांचं पाकीट

चपलांच्या दुकानात सहा वर्षं काढल्यावर माणसाला एक गोष्ट पक्की कळते. कुणीही आपल्या पायाचं माप खरं सांगत नाही. सात नंबर लागणारी बाई ठणकावून सहा मागते, आणि चप्पल चावायला लागली की दुकानाच्या नावाने बोटं मोडते. टेपताईने अशी हजारो पावलं हाताळली होती. गिऱ्हाईक काहीही सांगो, ती निमूटपणे खिशातून टेप काढायची आणि मोजायची. म्हणून दुकानात तिचं नाव टेपताई पडलं, आणि पुढे तिची नोकरी बदलली तरी नाव काही बदललं नाही.

एकोणतिसाव्या वर्षी तिच्या मनाने घेतलं की आता पुरे. आयुष्यभर लोकांच्या पायाशी बसायचं नाही. तिने प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या वर्गात नाव घातलं. बारा शनिवार, शेवटी सर्टिफिकेट.

"म्हणजे तू नक्की करणार काय?" आत्याने विचारलं.

"कामं वेळेवर करून घेणार."

"स्वतः नाही करणार?"

"नाही. दुसऱ्यांकडून."

"म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या! अगं, मग त्याला बारा शनिवार कशाला हवेत? मी जन्मभर तेच करतेय."

"ते मात्र खरं हो वन्सं," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "त्या शेळ्यांतली एक मी आहे."

वर्गातल्या सरांनी आयुष्यात काय उभं केलं होतं ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण दर शनिवारी ते "समजा, आपल्याला एक पूल बांधायचाय" अशी सुरुवात करायचे. बारा शनिवारांत बारा पूल झाले आणि एकावरूनही कुणी पलीकडे गेलं नाही. फक्त शेवटच्या दिवशी, सगळे सर्टिफिकेटाच्या रांगेत उभे असताना, सर प्रोजेक्टरची वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "आणि हो, वाईट बातमी लवकर सांगायची. उशिरा सांगितली की एकीच्या दोन होतात." टेपताईने रांग सोडली, बाकावर बसून ते वाक्य वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

तिला फर्निचर बनवणाऱ्या एका कंपनीत 'शिकाऊ प्रकल्प सहायक' म्हणून नोकरी लागली. प्रोबेशन सहा महिने. नंतर साहेबांची सही झाली तर कायम, नाहीतर घरी. चपलांच्या दुकानाचे मालक माणूस म्हणून चांगले होते. ते म्हणाले, "सहा महिने तुझं स्टूल रिकामं ठेवतो, पोरी. लागलं तर ये." बोलले प्रेमानेच, पण ते स्टूल त्या दिवसापासून तिला चपलेतल्या खिळ्यासारखं टोचत राहिलं.

कंपनीच्या कार्यालयात भिंतभर पांढरा बोर्ड होता. त्यावर प्रत्येक कामापुढे एक गोल चुंबक लावायचं. सुरळीत चाललं असेल तर हिरवं, अडचण असेल तर पिवळं, काम फसलं असेल तर लाल. व्यवस्था नामी होती. फक्त पूर्ण बोर्ड वर्षानुवर्षं हिरवागार होता. दर सोमवारी मिटिंगमध्ये साहेब एकेकाला विचारत, "कुठवर आलं?" आणि जो तो म्हणे, "नव्वद टक्के झालंय, साहेब." मागच्या सोमवारीही नव्वद असायचं, पुढच्याही सोमवारी नव्वदच. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, एवढंच काय ते राहिलेलं असायचं, आणि ते शेपूट महिनोन्‌महिने राहायचं.

पिवळं चुंबक एकदाच लागलं होतं, चार वर्षांपूर्वी. ज्याने लावलं तो आता तळघरातल्या गोदामात खिळ्यांच्या पेट्या मोजत होता. सगळे त्याला 'पिवळे' म्हणत. लाल चुंबकांचं पाकीट खणात होतं. त्याचं प्लास्टिकही कुणी फोडलं नव्हतं.

पाचव्या महिन्यात टेपताईला पहिलं स्वतःचं काम मिळालं. सार्वजनिक वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर नवं अभ्यासदालन होणार होतं, त्यासाठी तीस मोठी टेबलं. दहा फूट लांब, चार फूट रुंद, भक्कम, एकसंध. दहा तयार होती, वीस व्हायची होती. उद्घाटनाला सहा आठवडे होते. साहेबांनी फाइल देताना सांगितलं, "हे काम हिरवंच आहे. तुला फक्त हिरवं ठेवायचंय. मग तुझ्या सहीचं बघू."

तिने फाइल वाचली. त्यात खोलीचा सुरेख नकाशा होता आणि खोलीत तीसही टेबलं ओळीने मांडलेली होती. ती तिथवर पोचली कशी, ते मात्र कुठेच नव्हतं. नकाशात ती बहुधा खोलीतच जन्माला आली असावीत. टेपताई दुपारच्या सुट्टीत वाचनालयात गेली आणि तिने जिना मोजला. जिना अरुंद, वळणावरचा चौक साडेतीन फुटांचा, छत खाली आलेलं. लिफ्ट नव्हती. खिडक्यांना गज होते. तिने दोनदा मोजलं, मग आकडा बदलेल या आशेने तिसऱ्यांदा मोजलं.

कागदावरच्या आकड्यावर तिचा विश्वास नव्हता. ती जुन्या दुकानात गेली आणि जोड्यांची रिकामी खोकी मागितली. मालकांनी पोतंभर दिली. "स्टूल अजून रिकामंच आहे हं," ते म्हणाले. घरी येऊन तिने आणि आत्याने ती खोकी चिकटपट्टीने जोडून खऱ्या मापाचं एक टेबल बनवलं, आणि रविवारी सकाळी दोघी ते घेऊन वाचनालयाचा जिना चढू लागल्या.

वळणावर टेबल अडकलं. उभं केलं, आडवं केलं, तिरपं केलं. आत्या भिंत आणि खोक्यांच्या मध्ये सापडली.

"पुढे घे!"

"पुढे भिंत आहे, आत्या!"

"मग मागे घे! माझा श्वास कोंडतोय!"

वरून ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून खाली पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. शेवटी टेबल मधोमध फाडून आत्याला बाहेर काढावं लागलं. दोन तुकडे झाल्यावर ते गुमान वर गेलं, ही गोष्ट टेपताईने नीट पाहून ठेवली.

सोमवारी मिटिंगच्या आधीच ती साहेबांच्या खोलीत गेली. "साहेब, टेबलं वर जाणार नाहीत. जिन्यात अडकतात."

"नकाशा मंजूर आहे."

"नकाशात जिना नाहीये, साहेब."

"तू बोर्ड बघ," साहेब शांतपणे म्हणाले. "बोर्डावर काय आहे? हिरवं. जे बोर्डावर नाही ते नाही."

टेपताई बाहेर आली. तिला भीती वाटली. प्रोबेशनचा दीड महिनाच उरला होता. गप्प राहिली तर सही मिळण्याची शक्यता होती. बोलली तर स्टूल तयारच होतं. पण सहा वर्षं तिने सहाचा आकडा सांगणाऱ्या बायांना सातची चप्पल दिली होती, आणि आता खोटं माप द्यायला हात धजेना. तिने खण उघडला, पाकिटाचं प्लास्टिक दातांनी फोडलं आणि वाचनालयाच्या कामापुढे लाल चुंबक लावलं. टक्क, असा बारीक आवाज झाला.

सगळं कार्यालय बोर्डाभोवती गोळा झालं. कुणी चष्मा लावून पाहिलं, कुणी हळूच हात लावून पाहिला. जिना किती फुटांचा आहे, हे मात्र एकानेही विचारलं नाही. "कुणाला विचारून लावलंस?" हाच सगळ्यांचा प्रश्न. संध्याकाळपर्यंत साहेबांनी चुंबक काढून खिशात घातलं, त्या जागी पुन्हा हिरवं लावलं आणि तिच्या हातात पत्र ठेवलं: 'आपण बोर्डावर अनावश्यक रंग लावून वातावरण बिघडवले आहे. याची नोंद प्रोबेशनच्या निर्णयावेळी घेतली जाईल.'

पण तेवढ्या वेळात एक घोटाळा झाला होता. कारखान्यातले मिस्त्री रोज दुपारी चहाला वर येत, तसे त्या दिवशीही आले, आणि बोर्ड बघून खाली जाऊन त्यांनी करवतच बंद केली.

"थांबवलंत कशाला?" साहेब दुसऱ्या दिवशी कडाडले.

"लाल होतं ना, साहेब. लाल दिसलं की थांबायचं, एवढं तर रस्त्यावरचं गाढवही जाणतं."

"आता हिरवं आहे! सुरू करा!"

"करतो की," मिस्त्री म्हणाले. पण करवत सुरू करण्याआधी ते टेपताईच्या टेबलापाशी आले आणि हळूच विचारलं, "पोरी, लाल का होतं?"

एवढ्या मोठ्या कार्यालयात हे विचारणारा तो पहिला माणूस. ती त्यांना वाचनालयाच्या जिन्यावर घेऊन गेली. मिस्त्रींनी स्वतः माप घेतलं, डोकं खाजवलं, एक शिवी हासडली आणि ग्रंथपालबाईंची माफी मागितली. उरलेली वीस टेबलं त्यांनी दोन-दोन भागांत बनवली, वर नेऊन बोल्टने जोडायची. कुणाची परवानगी विचारली नाही. बोर्ड हिरवा होता, त्यामुळे कुणी पाहायलाही आलं नाही.

माल पोचवायच्या दिवशी साहेब जातीने हजर होते. त्यांच्या हुकमावरून आधी दहा एकसंध टेबलांची पाळी आली. पहिलंच टेबल वळणावर अडकलं. आठ माणसं त्याला लोंबकळत होती. वर वाचक, खाली वाचक, कुणालाच जाता-येता येईना. आणि साहेब पायथ्याशी उभे राहून फोनवर सांगत होते, "हो, हो. नव्वद टक्के आत गेलंय."

मिस्त्रींनी पिशवीतून करवत काढली. ते टेबल जिन्यातच कापलं गेलं, बाकीची नऊ फुटपाथवर. नंतर सगळे तुकडे एकामागून एक वर गेले, बोल्टने जोडले गेले, आणि दुपारपर्यंत तीस टेबलं ओळीने उभी राहिली, अगदी नकाशातल्यासारखी.

उद्घाटनाच्या भाषणात साहेब म्हणाले, "दोन भागांची ही खास रचना आमच्या दूरदृष्टीचं फळ आहे." ग्रंथपालबाई आभार मानायला उठल्या. त्यांचं बोलणं एका वाक्यात संपलं: "ती खोक्यांचं टेबल घेऊन आलेली मुलगी कुठे आहे? तिला पुढे बोलवा." आत्या मागच्या रांगेत बसली होती. तिने इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की ग्रंथपालबाईंना पुन्हा ओठांवर बोट ठेवावं लागलं.

एवढ्या लोकांसमोर हे झाल्यावर साहेबांना सही करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. टेपताई कायम झाली. घरी आई रडली, आणि चपलांच्या दुकानाच्या मालकांनी स्टूल रंगवून घेऊन त्यावर दुसऱ्या मुलीला बसवलं.

पण साहेब कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी सहीच्याच दिवशी परिपत्रक काढलं: 'यापुढे लाल चुंबके कुलपात राहतील. कारण लिहून, वहीत सही करूनच मिळतील.' किल्ली टेपताईकडे दिली. तिला ते चांगलंच लागलं. आपल्या नावाने कारण लिहून, सही करून लाल मागायला येणार कोण? सोमवार आला. बोर्ड पुन्हा हिरवागार. "नव्वद टक्के, साहेब." "नव्वद टक्के." ती वही उघडून कोरं पान बघत बसली. एवढा आटापिटा केला आणि शेवटी आपण एका कुलपाची राखणदार झालो, असं तिला वाटलं.

मिटिंग संपली. सगळे चहाला गेले. जिन्यावर हळूहळू चढणाऱ्या पावलांचा आवाज आला. तळघरातून कुणीतरी वर येत होतं. दारात पिवळे उभे होते. चार वर्षांत ते या मजल्यावर आले नव्हते. शर्टाला खिळ्यांच्या पेट्यांची गंजकी धूळ होती.

त्यांनी बोर्डाकडे एकदा पाहिलं, मग तिच्याकडे.

"ताई, एक लाल मिळेल का?"

तिने वही पुढे सरकवली. पिवळेंनी खिशातून पेन काढलं, सावकाश कारण लिहिलं, सही केली. मग पेनचं टोपण लावता लावता थांबले.

"दोन द्या," ते म्हणाले. "माझं ते पिवळं चार वर्षं तसंच राहिलं, आता एकाची दोन झालीत. आणि मिस्त्रीही येतायत मागून, त्यांना त्यांचं वेगळं लागेल."