वरच्या फळीवरचं दही

आमच्या घरात स्टूल कधी नव्हतं. वरच्या मजल्यावर शिडी राहत होती, मग स्टूल कशाला घ्यायचं? शिडी म्हणजे वरच्या वहिनींची मुलगी. तिचं नाव माधुरी, पण जुन्या इंदुरातल्या आमच्या गल्लीत त्या नावाने तिला कोणी हाक मारली नाही. बल्ब गेला, पंख्याला जाळं धरलं, फळीवरचा डबा हवा झाला, की मी जिन्यात उभी राहून ओरडायची, "शिडी, खाली ये." ती यायची, चौकटीत मान वाकवायची, टाचा उचलायची आणि काम व्हायचं. वर "और काही?" म्हणून विचारायची.

ती बास्केटबॉल खेळायची. शाळेपासून खेळली आणि त्याच जोरावर सरकारी नोकरीला लागली. ऑफिसच्या टीममधून गावोगावी खेळायला जायची. खुर्चीवर बसायची वेळ तिच्यावर क्वचितच आली.

मॅचला निघताना मात्र ती आधी माझ्याकडे यायची आणि तळहात पुढे करायची. मी दहीसाखर ठेवायची. वहिनींच्या हातचं दही आंबट होतं असं तिचं म्हणणं, आणि ते खरं होतं. माझं दही खाल्ल्याशिवाय ती कधी खेळायला गेली नाही. हरून आली तर म्हणायची, "काकू, आज साखर कमी पडली." जिंकली तर दह्याचं नाव काढत नसे.

एकदा तिला बघायला उज्जैनची मंडळी आली होती. ही पोह्यांच्या बशा घेऊन उभी राहिली. मुलाने वर पाहिलं, मग आपल्या आईकडे पाहिलं. पोहे मात्र त्याने संपवले. ते गेल्यावर मी तिला म्हटलं, "बसून राहायचं होतंस." ती म्हणाली, "किती दिवस बसणार, काकू? कधीतरी उभी राहणारच ना." आणि हसली. त्यानंतर कोणी बघायला आलं नाही.

मग तिच्या उजव्या टाचेमागची शीर दुखायला लागली. सकाळी जिना उतरताना ती कठड्याला धरून आडवी उतरायची. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, शीर अर्धी फाटली आहे, खेळ थांबवा, पूर्ण तुटली तर पाय पहिल्यासारखा होणार नाही. दोन दिवसांनी तिचे कोच घरी आले. चहा पिऊन म्हणाले, "बस ये एक टूर्नामेंट खेल ले, बेटा. फिर आराम ही आराम." वहिनींनी लगेच त्यांच्यासमोरचा कप उचलून नेला.

संध्याकाळी शिडी माझ्या पायरीवर मिठाच्या गरम पाण्यात पाय टाकून बसली होती.

"सोड आता," मी म्हटलं. "बत्तिसावं उलटलं. नोकरी आहे. पाय राहू दे."

"आणि करू काय?"

"ऑफिसात बस. बाकीचे बसतात तशी."

"बाकीच्यांना तिथलं काम येतं, काकू. मला फाइल कुठे ठेवतात तेही माहीत नाही." पाण्यात पाय हलवत म्हणाली, "खेळते तोवर मी प्लेयर आहे. सोडलं की नुसती लांब बाई. लोक टेम्पोत वळून बघतात ना, ती."

"बघू देत. लांब बायका जगत नाहीत का?"

"जगतात. मला जमेल का, पता नहीं."

पाणी गार झालं म्हणून मी गरम आणायला आत गेले.

टूर्नामेंटला जायच्या दिवशी वहिनी सकाळीच खाली आल्या. म्हणाल्या, "ताई, आज दही देऊ नका. दह्याशिवाय ती जायची नाही." मला पटलं. मी दह्याचं पातेलं उचललं आणि स्वयंपाकघरातल्या उंच फळीवर, काठीने ढकलून, पार मागे सारलं. नातवंडांपासून लाडू लपवायची माझी तीच जागा होती. हात चालला तो सवयीने. कोणापासून लपवते आहे, याचा विचार माझ्याही मनात आला नाही, आणि बाजूला उभ्या असलेल्या वहिनींच्याही नाही.

शिडी आली. मी म्हटलं, दही लागलं नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं, मग वर. टाचा उचलल्या. तिचा चेहरा आवळला, एका हाताने तिने भिंत धरली, पण पातेलं काढलंच.

"काकू," ती म्हणाली, "माझ्यापासून लपवायचं तर खाली लपवायचं. खालचं मला कुठे दिसतं?"

स्वतःच दही घेतलं, स्वतःच साखर घातली आणि गेली.

दुसऱ्याच मॅचमध्ये शीर तुटली. दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा म्हणाली, "मागून कोणीतरी जोरात लाथ मारली असं वाटलं. कोण आहे म्हणून वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं, काकू." कोच आले होते, रडले. टीम त्या टूर्नामेंटमध्ये हरलीच. आणखी दहीसाखर घातली असती तरी काही झालं नसतं.

ऑपरेशन झालं, पायाचं प्लास्टर निघालं, ती चालायला लागली. दिवाळीच्या आधी मी सवयीने तिला हाक मारली. चकलीचा सोऱ्या वरच्या फळीवर होता. ती आली, मान वाकवली, हात वर केला. हात फळीला चार बोटं कमी पडला. ती तशीच उभी राहिली. डावी टाच उचलली गेली, उजवी जमिनीवरच राहिली.

"स्टूल आहे का, काकू?"

मी म्हटलं, "राहू दे. यंदा चकल्या नकोत."

उन्हाळ्यात तिची रतलामला बदली झाली, टेबलाच्या कामावर. निघाली त्या सकाळी मी आपणहून दही काढलं. "फाइली उचलायला दही कशाला?" म्हणाली, पण तळहात पुढे केला. खाऊन झाल्यावर तिने फळीकडे पाहिलं.

"आता एक स्टूल घ्या, काकू."

मी हो म्हटलं. अजून घेतलेलं नाही. सोऱ्या वरच आहे.