बाई आणि तांबडा दगड

कोणी दगड दाखवायला आणला की आमच्या बाई तो आधी नखाने ओरखडायच्या, मग कानाशी धरून दुसऱ्या दगडाने वाजवायच्या. यंत्राची पाळी त्यानंतर. पुण्यातल्या एका लहानशा खडक-चाचणी प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख. मी नुकतीच इंजिनिअर होऊन त्यांच्या हाताखाली लागले होते.

कठीण काळ्या दगडाचं त्यांना अप्रूप नव्हतं. "तो काय, दाबला की आकडा सांगतो. मऊ दगडाला बोलतं करावं लागतं," असं म्हणायच्या.

हिंजवडीतल्या एका इमारतीच्या पायासाठी जमिनीत भोक पाडून काढलेले खडकाचे नमुने आले, तेव्हा त्याचा अर्थ मला कळला. काळ्या दगडाच्या मध्ये तांबड्या, ठिसूळ खडकाचा थर होता. मोठ्या यंत्रात दाबायला लांब, अखंड कांडी लागते. तांबड्याचे पेटीतच तुकडे झाले होते. त्यातली एकुलती एक धड कांडी मी निवडली, दाबली. आकडा बरा आला. बाईंनी अहवाल वाचून विचारलं, "पहिला नंबर कळला. वर्गातली बाकीची मुलं कुठायत?"

मग त्या स्वतःच तुकडे घेऊन बसल्या. दोन टोकांमध्ये दगड धरून फोडायचं एक छोटं हातयंत्र होतं. एक तुकडा कोरडा फोडायचा, त्याच्या जोडीचा दिवसभर पाण्यात ठेवून. काहींना फोडायची गरजच पडली नाही. पाण्यात त्यांचा गाळ झाला. हातयंत्राच्या आकड्याला गुणून ताकदीचा अंदाज काढताना मी काळ्या दगडाचा गुणक लावला, तोही त्यांनी खोडला. मऊ दगडाला तो लावला की फुकटची ताकद दिसते, असं त्यांचं म्हणणं. अंदाज निम्म्याखाली आला. बिल्डरचा माणूस चिडून आला, दुसरीकडून अहवाल घेईन म्हणाला. बाईंनी त्याला चहा दिला. आकडा बदलला नाही.

शेवटी पाया खोल न्यावा लागला. खोदाईत पाणी लागल्यावर आम्ही बघायला गेलो, तर तांबड्या थराचा चार दिवसांत चिखल झालेला. मला वाटलं, बाई खूश होतील. त्या खड्ड्यात उतरल्या, चिखल बोटांत चोळून म्हणाल्या, "माझाही अंदाज जास्तच होता गं." परतताना गर्दीत गाडी तासभर अडकली, आणि तो तासभर त्या आपण कुठे चुकलो एवढंच बोलत होत्या.

निवृत्तीनंतर बाई कसब्यातल्या घरी असत. शेवटच्या आजारात भेटायला गेले, तेव्हा त्यांना बोलतानाही धाप लागत होती. पाच मिनिटंच बसा, असं मुलीने दारातच सांगितलं. मी तब्येत विचारली. बाईंनी हात झटकला.

"ते राहू दे. हल्ली कुठला दगड आलाय तुझ्याकडे?"

मी सांगायला लागले. त्यांनी पाय आखडून घेतले आणि खाटेवर मला बसायला जागा केली.