मापाड्याच्या कानातला बाप

भरवसा कोणावर ठेवाल, सांगा बरं? कुणी नसताना कधीच हाक ऐकू आली नाही म्हणणाऱ्यावर, की आली म्हणून कबूल करणाऱ्यावर? लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, बारदान, म्हणजे रिकामी पोती, विकता विकता माझ्याकडे असले किस्से पोत्यांच्या थप्पीसारखे साचलेत.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. मोंढ्यात माल नाही, म्हणून मंडळी माझ्या ओट्यावर बसून राहायची. त्यातलाच धोंडिबा मापाडी. पोती मोजणं हे त्याचं काम. एकदा मोजता मोजता तो मोठ्यानं म्हणाला, "बापू, जरा गप बसा." बापू म्हणजे त्याचा बाप. तोही मापाडीच, पण वारून सहा वर्षं झालेला! शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या आडत्यानं ऐकलं आणि विचारलं, "माझा माल भुतं मोजतात काय?" सोमवारी मोंढ्याच्या पंचांपुढं फैसला ठरला. धोंडिबाचा परवाना जाणार, असंच सगळे धरून चालले.

*

ओट्यावर विषय निघाला तसा एकेकाचा कान उघडला. सुरुवात माझ्याच घरापासून. टँकरचा हॉर्न ऐकून आमची मंडळी, म्हणजे बायको, एका दुपारी तीनदा घागर घेऊन पळाली. टँकर एकदाही आला नव्हता. तिला कुणी वेडी म्हटलं नाही, कारण अर्धी गल्ली तिच्या मागं पळाली होती.

*

कांबळे गुरुजी मूळचे नांदेडकडचे, अर्धापूरचे. दुपारी डोळा लागतो न लागतो तोच त्यांना शाळेची घंटा ऐकू यायची. "मी मनात म्हणतो, आज रविवार आहे. लगेच बंद होते."

"आणि सोमवारी, गुरुजी?"

"सोमवारी खरीच वाजत असते."

*

बांगड्यावाल्या चाचींना गेलेल्या नवऱ्याचा खोकला ऐकू यायचा. गिऱ्हाईक समोर असलं की त्या हळूच म्हणायच्या, "अब्बी नक्को, बाद में आव." खोकला थांबायचा.

दुकान बंद केल्यावर येतो का, असं मी विचारलं.

"हौ. उसके वास्तेच तो जल्दी बंद करती."

*

शेवटी धोंडिबाला मी नव्या सरकारी दवाखान्यात नेलं. आवाज हुकूम सोडतो का, भीती घालतो का, झोप उडते का, असं डॉक्टरांनी विचारलं. तसलं काही नव्हतं.

"गप म्हटलं की गप होतो?"

"हाव. माझा मान राखतेत."

डॉक्टर हसले. असं ऐकू येणारे पुष्कळ, सांगणारे थोडे, म्हणाले. त्रास व्हायला लागला तर मात्र त्याच दिवशी या, असंही बजावलं. मी दाखला मागितला, तर म्हणाले, "पोती बरोबर मोजतो की नाही, ते मी कसं लिहू?"

*

सोमवारी पंचांनी ज्वारीची थप्पी मोजायला लावली, आधी दुसऱ्या मापाड्याला, मग धोंडिबाला. आमच्याकडं पहिल्या पोत्याला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. धोंडिबानं लाभ म्हणून सुरुवात केली आणि एक्केचाळीसवर थांबला. दुसऱ्याचेही एक्केचाळीसच.

आडत्या काही सोडेना. "आणि तुझा बाप किती म्हणतो?"

धोंडिबानं मान कलती करून ऐकलं.

"बेचाळीस म्हणून राहिलेत."

"मग?"

"मग काय, शेट? लाभ म्हणल्यावर बापू त्याच पोत्याला पुन्हा एक म्हणायचे, अन् शेवटी लाभाचं एक वेगळं वाढवायचे. पहिलं पोतं दोनदा. जित्तेपणीबी तसंच. म्हणून तर मी सोता मोजतो."

परवाना राहिला.

तुमच्याही कानावर असं काही आलं, तर नुसतं खरं निघालेलं सांगत फिरू नका. चुकलेलंही मांडा. हिशोब इमानानं ठेवा.