कशावरूनचं स्टूल

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गढा भागातल्या छापखान्यात उभा होतो. बाबा एवढंच म्हणाले, "सुनंदा गेली रे…" आणि मशीन चालूच राहिली. त्याला आता काही आठवडे झाले. मला त्याच दिवशी लिहायचं होतं, आणि लिहिलंही. पण हा लेख तो नव्हे.

डॉक्टर सुनंदा ही माझ्या आईची धाकटी बहीण. आमच्या शहरातल्याच एका मेडिकल कॉलेजात ती शिकवायची. तिचं म्हणणं एकच, औषध द्यायचं ते पुरावा बघून, कोण म्हणालं ते बघून नाही. आधी ती हे फळ्यावर शिकवायची. पोरं पेपरात सुंदर लिहायची आणि वॉर्डात गेली की आदल्या डॉक्टरचीच चिठ्ठी उतरवायची. मग तिने फळा सोडला आणि वॉर्डात एक लोखंडी स्टूल नेलं. खाटेशी उभं राहून जो छातीठोक काही सांगेल त्याने स्टूलवर बसायचं. "कशावरून?" याचं उत्तर सापडेपर्यंत उठायचं नाही. फोनवर त्यावरचं संशोधन शोधायचं, वाचायचं, ते समोरच्या पेशंटला लागू पडतं का ते बोलायचं. "माहीत नाही" असं प्रामाणिकपणे म्हटलं तरी सुटका. पोरं त्याला "मॅडम की फाँसी" म्हणायची, पण हळूहळू एकमेकांनाच कशावरून विचारायला लागली. फक्त विभागप्रमुख, म्हणजे मोठे सर, राउंडला आले, की फळ्यावर शिकलेली आणि स्टूलवर शिकलेली, दोन्ही पोरं सारखीच गप्प. "मी शिकवून राहिली पोरांना," मावशी म्हणायची, "पण सरांना कोण बसवते स्टूलवर?"

तसंच एक स्टूल तिच्या चेरीतालच्या घरी स्वयंपाकघरात होतं, ते माझ्यासाठी. मी पत्रकांवर वाढलो. बाबा फॅक्टरीतून येताना युनियनची पत्रकं आणायचे, त्यांवरच मी अक्षरं शिकलो, आणि पुढे स्वतः पत्रकं लिहायला लागलो. एकदा मी तावातावात तिच्याकडे शिरलो, "हे दवाखाने माणसं मारतात!"

"बस. कशावरून?"

"सगळ्यांना माहीत आहे, मावशी."

"अच्छा? मग एकाचं नाव सांग."

मी समोरच्या ताटलीकडे हात नेला. तिने पोह्यांची ताटली दूर सरकवली. "चलो, माहीत नाही म्हण अन् खा."

"पत्रकात माहीत नाही असं कसं लिहू?"

"काहून? जागा पुरत नाही?"

शेवटी न्यूमोनिया झाला आणि ती आपल्याच वॉर्डात दाखल झाली. उपचार करत होता तिचाच विद्यार्थी, डॉक्टर अभिषेक. त्याने इंजेक्शन बदललं तेव्हा तिने मास्क बाजूला केला. "कशावरून, बेटा?" त्याने दाराकडे पाहिलं. "सर ने बोला है, मॅडम." मी ओरडणार, तोच तिने माझं मनगट धरलं. खाटेवरून तिला उठता येत नव्हतं, आणि तो मान वर करत नव्हता… "सरांपासून कोण सुटलं रे इथं," ती म्हणाली, आणि मास्क लावून घेतला.

ती गेली त्याच दिवशी मी पत्रक लिहिलं. पहिलं वाक्य होतं, 'तिला तिच्याच कॉलेजने मारलं.' ते छापायला द्यायच्या आधी अभिषेक चेरीतालला भेटायला आला. मी कागद त्याच्या हातात दिला. वाचून तो आपणहून स्वयंपाकघरातल्या स्टूलवर बसला.

"भैया, मैंने बाद में सब पढ़ा. उससे नुकसान हुआ या नहीं… सच में पता नहीं." मग कागदाची घडी घालत, "उस दिन पूछना था. पूछा नहीं."

तो रडला नाही. कागद ओट्यावर ठेवून उठला आणि गेला. मावशीच्या नियमाप्रमाणे त्याला उठता येत होतं.

मग मी बसलो. तेव्हापासून रोज येऊन बसतो. समोर ते पहिलं वाक्य असतं. राग खरा आहे, वाक्य खरं आहे की नाही ते ठाऊक नाही. मोठ्या सरांना या स्टूलवर कुणी बसवलं नाही, मावशीच्या विद्यार्थ्यांनाही ते जमलं नाही. मावशीची पद्धत पुरती लागू पडली ती माझ्यावर, आणि मी तर डॉक्टरही नाही. 'माहीत नाही' हे दोन शब्द म्हटले की उठता येतं. ते अजून म्हणवत नाहीत… आणि वाक्य छापवतही नाही.