खिळ्यावरची पिशवी

दिग्रसला आमच्या गल्लीत रहमतभाईंची बेकरी आहे. शिळा पाव विकायचा नाही आणि फेकायचाही नाही, हा त्यांचा हट्ट. दिवस कलताना असरच्या नमाजला निघायच्या आधी उरलेले पाव ते कापडी पिशवीत भरत, मागच्या दाराच्या खिळ्याला अडकवत आणि पाठ फिरवून चालू लागत. पिशवी कोण नेतं, हे दहा वर्षांत त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. सकाळी ती धुतलेली, रिकामी पिशवी खिळ्यावर दिसली की समजायचं, आजही गरज आहे.

"देनाऱ्यानं तोंड पाह्यलं तं घेनाऱ्याले लाज वाटते," ते म्हणत.

तोंड मी रोज पाहत होतो. त्या मागच्या दारासमोरच माझं शिलाईचं दुकान. पिशवीही मीच शिवलेली. ती न्यायच्या पंचफुलाबाई. जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचण्यात हयात गेली, नवरा वारला, लेक पुसदला. इकडेतिकडे बघून त्या पिशवी पदराखाली घ्यायच्या. त्या वेळी मी मशीनवरून मान वर करायचो नाही, जणू पाहिलंच नाही. मोठा शहाणा मी!

या हिवाळ्यात एका सकाळी खिळा रिकामा दिसला. दुसऱ्या दिवशीही तेच. रहमतभाई खूश झाले. "कोनाचं तरी भागलं म्हना. अल्लाची मेहेरबानी." मलाही वाटलं, पंचफुलाबाईंना लेकीनं नेलं असेल. तीन दिवस उरलेले पाव गल्लीतल्या बकऱ्यांनी खाल्ले.

चौथ्या दिवशी पंचफुलाबाईंची शेजारीण संगीता बेकरीत आली, तेव्हा मीही तिथंच होतो. हातात तीच पिशवी, धुऊन घडी घातलेली.

"पंचफुलाबाई काल गेल्या," ती म्हणाली. "मी माहेरी गेलती. येऊन पाह्यतो तं बाई तापानं फनफनून राह्यल्या होत्या. घरात दाना नव्हता. पिशवी वापस द्याची राह्यली, येवढंच बोलत होत्या."

रहमतभाई पिशवी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसले. त्यांनी मला विचारलं, "दिसाले कशा होत्या?"

"ठेंगण्या. कपाळावर गोंदन होतं."

"म्हंजे तुले मालूम होतं?"

मी हो म्हणालो. मला फार लाज वाटली.

आता खिळ्याला पिशवी नसते. नमाजला जाण्याआधी रहमतभाई मागच्या दारात गल्लीकडे तोंड करून उभे राहतात. येईल त्याचं नाव, घर विचारून पाव हातात द्यायचा, असं त्यांनी ठरवलंय. महिना झाला, कोणीही आलेलं नाही. पाव अजून बकऱ्याच खातात.